माणसं आजारी पडायच्या आधी शेळ्या गाभडतात, ते कोण ऐकतंय?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी गेली चौदा वर्षं केनियात आहे, नैरोबीत. शिक्षणाने गुरांचा डॉक्टर, मूळ गाव दोडामार्ग तालुक्यात, आणि इथे जनावरांच्या औषधांच्या धंद्यात आहे, त्यामुळे महिन्यातले दहा-बारा दिवस तरी गाडीतच जातात, कधी इसिओलो, कधी गरिसा, कधी खाली मसाई लोकांच्या भागात. सकाळी चहाबरोबर मोबाइलवर आपला पेपर वाचतो, गावाकडचं कळायला तेवढंच साधन आहे.

२०२५ च्या सप्टेंबरात पश्चिम आफ्रिकेत सेनेगल आणि मॉरिटानियात रिफ्ट व्हॅली तापाची साथ आली तेव्हा आपल्याकडे त्याची चार ओळींची बातमी होती. इतकी माणसं दगावली, डासांमुळे पसरतो, संपलं. शेळ्या-मेंढ्यांबद्दल एक अक्षर नव्हतं. तक्रार म्हणून सांगत नाही, जगभरचे पेपर असंच छापतात, पण मला त्या दिवशी राहवलं नाही, कारण या रोगाची बातमी माणसापासून सुरूच होत नाही. ती शेळी-मेंढीपासून सुरू होते, आणि खरं तर त्याच्याही आधी पावसापासून. आफ्रिकेत हे ज्यांनी ओळखलं आणि त्याप्रमाणे कामाची पद्धत बदलली त्यांच्याबद्दल आपल्याकडे कुणी लिहीत नाही, म्हणून मीच लिहायला बसलो. पत्र लांबलंय. जागा नसेल तर काटछाट करा, पण गरिसाच्या म्हाताऱ्याचा भाग तेवढा राहू द्या.

गरिसा नैरोबीपासून साडेतीनशेहून जास्त किलोमीटर, ताना नदीच्या काठी. तिथे सोमाली पशुपालकांची वस्ती आहे, म्हणजे आपल्याकडे धनगर जसे मेंढरं घेऊन फिरतात तसेच, फक्त यांच्याकडे उंट, शेळ्या, मेंढ्या आणि गायी सगळंच. जनावरांचा मोठा बाजार भरतो. मी पहिल्यांदा गेलो ते २०१२ साल. बाजाराच्या कडेला एका बाभळीखाली एक म्हातारा बसला होता, इथे वडीलधाऱ्या माणसाला मझे म्हणतात, तर हे मझे. सोबतच्या मुलाने ओळख करून दिली की हा दक्तारी, म्हणजे डॉक्टर. म्हाताऱ्याने विचारलं, माणसांचा की जनावरांचा? मी म्हटलं जनावरांचा. तर म्हणाला, मग बस, तुला सांगून उपयोग आहे.

आणि त्याने २००६ चं सांगितलं. आधी दुष्काळ, मग असा पाऊस की रस्ते वाहून गेले, सगळीकडे पाणी साचलं, आणि मग डास. डास इतके की जनावरं रात्री बसेनात, उभीच राहायची, लोक शेणाचा धूर करून त्यात जनावरं आणि पोरं दोन्ही बसवायचे. मग मेंढ्या गाभडायला लागल्या, एक नाही दोन नाही, एका वाड्यातल्या जवळजवळ सगळ्या गाभण मेंढ्या आठवड्याभरात. कोकरं जन्मली तरी दुसऱ्या दिवशी मेलेली. मोठ्या जनावरांच्या नाकातून रक्त. हे सांगताना त्याने दोन बोटं नाकाखाली धरून खाली ओढली आणि म्हणाला, संदिक. सोमालीत या रोगाला संदिक म्हणतात, नाकातून रक्त येणारा रोग. म्हणजे बघा, लोकांकडे रोगाला नाव होतं, लक्षण माहीत होतं, कोणत्या पावसानंतर येतो तेही माहीत होतं. नंतर शास्त्रज्ञांनी जाऊन या पशुपालकांच्या मुलाखती घेतल्या, अभ्यास केला, त्यातही हेच निघालं की हे लोक रोग अगदी बरोबर ओळखत होते, आणि डास वाढणं, मग जनावरं आजारी पडणं, मग माणसं आजारी पडणं यात मधे दिवसच्या दिवस गेले होते. हातात वेळ होता.

मी विचारलं, मग तुम्ही कुणाला सांगितलं नाही का? म्हणाला, सांगितलं. गावच्या मुखियाला सांगितलं, त्याने वरच्या ऑफिसात सांगितलं, तिथे गाडी नव्हती, गाडी होती तर डिझेल नव्हतं, रस्ता तर नव्हताच. आणि दवाखान्यात सांगितलं तर ते म्हणाले जनावरांचं इथे काय सांगतोस. डिसेंबरच्या शेवटी बकरी ईद होती, तेव्हा कापाकापी झाली. त्याचा जावई कसायाचं काम करायचा. आधी ताप, मग डोळे लाल, मग हिरड्यांतून रक्त, पाचव्या दिवशी गेला. हे त्याने सांगितलं तेव्हा त्याचा आवाज बदलला नाही, फक्त हातातली काठी तो वाळूत फिरवत होता, गोल गोल, बराच वेळ.

त्या साथीत केनियात नोंदलेले रुग्ण ६८४ आणि मृत्यू २३४. टांझानियात १०९ आणि सोमालियात ५१ माणसं गेली ती वेगळी. आणि हे फक्त नोंदलेले.

आता या रोगाचं जरा सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. हा विषाणू पहिल्यांदा १९३१ साली सापडला तो इथेच, नायवाशा तलावाजवळच्या एका फार्मवर, मेंढ्यांची कोकरं पटापट मरत होती म्हणून तपासलं तेव्हा. एका जातीच्या डासाच्या अंड्यांतूनच विषाणू पुढच्या पिढीत जातो, आणि ती अंडी कोरड्या मातीत, सखल खळग्यांत वर्षानुवर्षं तशीच पडून राहतात. मोठा पाऊस झाला, खळगा भरला, पाणी टिकलं की अंडी फुटतात. ते डास जनावरांना चावतात, जनावरांत विषाणू भरमसाट वाढतो, मग दुसऱ्या जातीचे डासही तो उचलतात आणि पसरवतात. माणसाला डासापासून होतो हे खरं, पण जास्त करून होतो तो जनावराला हात लावल्याने. गाभडलेलं कोकरू उचललं, वार ओढून काढली, आजारी जनावर कापलं, रक्त अंगावर उडालं. बऱ्याच लोकांना साध्या तापावर निभावतं, थोड्यांना रक्तस्राव होतो, काहींची नजर जाते. माणसापासून माणसाला झाल्याचं दिसलेलं नाही. म्हणजे माणूस वाचवायचा तर वाड्यातल्या मेंढीपाशीच काम करायला लागतं, हॉस्पिटलात कितीही बेड वाढवले तरी साथ थांबत नाही.

आणि जनावरांची लस आहे! पण ती पावसाच्या आधी द्यायला लागते. साथ सुरू झाल्यावर टोचत सुटलं की तीच सुई आजारी जनावराचा विषाणू उचलून चांगल्यात सोडते, आणि जुनी जिवंत लस गाभण मेंढीला दिली तर तिनेही गाभडण्याचा धोका असतो. गुरांच्या डॉक्टरला हे माहीत असतं, पण मोहिमेचा आदेश त्याच्या हातात नसतो. २००६ ला तर अवकाशातून उपग्रहाने सुद्धा सांगितलं होतं, नासाच्या लोकांनी हिंदी महासागराचं तापमान आणि जमिनीवरची हिरवळ बघून साथ येईल असा इशारा साथीच्या आधी दिला होता. म्हणजे आकाशातून इशारा आला, वाड्यातून इशारा आला, आणि तरी लस पोचेपर्यंत माणसं मेली होती. मधला माणूसच नव्हता, पाऊस बघणारे वेगळे, जनावरं बघणारे वेगळे, माणसं बघणारे वेगळे, आणि तिघांचे फोन नंबर एकमेकांकडे नव्हते. त्यात कत्तलीवर बंदी आली, बाजार बंद झाले. रोग थांबवायला ते गरजेचं होतं हे मी मानतो, पण ज्याचं पोट बाजारावर आहे त्याला त्या महिन्यांत कुणी काय दिलं? पुढच्या वेळी शेळी गाभडली तर तो सांगेल का? हा प्रश्न मला अजून छळतो, कारण सगळी यंत्रणा शेवटी त्याच्या सांगण्यावर उभी आहे.

त्या साथीतून केनियाने धडा घेतला, हे मला आवर्जून सांगायचंय. २०११-१२ च्या दरम्यान आरोग्य मंत्रालय आणि पशुसंवर्धनवाले यांनी मिळून एक युनिट काढलं, झूनॉटिक डिसीज युनिट, म्हणजे जनावरांकडून माणसात येणाऱ्या रोगांसाठीचं. त्यात माणसांचे डॉक्टर आणि जनावरांचे डॉक्टर एकाच ऑफिसात बसतात. ऐकायला साधं वाटतं, पण कुठल्याही सरकारी खात्यात काम केलेल्या माणसाला विचारा, दोन मंत्रालयांची माणसं एका खोलीत रोज बसणं ही किती मोठी गोष्ट आहे! त्यांनी आधी कोणत्या रोगांकडे बघायचं तेही एकत्र बसून ठरवलं. काळपुळी, त्से-त्से माशीपासून होणारा ट्रिपॅनोसोमियासिस, रेबीज, जनावरं गाभडणारा ब्रुसेलोसिस आणि रिफ्ट व्हॅली ताप हे त्यातले वरचे. २०१३ पासून इथे आरोग्य आणि पशुवैद्यकीय सेवा ४७ काउंट्यांकडे, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांकडे गेल्या, त्यामुळे नैरोबीत टेबल एक झालं तरी काउंटीत परत दोन झाली, मग तिथे पण जोडायचं काम सुरू झालं. कुठे चांगलं चाललंय, कुठे कागदावर आहे, मी फिरतो त्यामुळे दोन्ही बघितलंय. असं एकत्र काम करण्याला इंग्रजीत वन हेल्थ आणि स्वाहिलीत आफ्या मोजा म्हणतात, एक आरोग्य. माणूस, जनावर आणि भोवतालचं रान यांचं आरोग्य एकच.

पण मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट चाडची आहे. चाड म्हणजे सहाराच्या खालचा देश, फार गरीब. तिथले भटके गुराखी, फुलानी आणि अरब, वर्षभर गुरं घेऊन फिरतात. नव्वदच्या दशकाच्या शेवटी स्विस संशोधक आणि चाडचे डॉक्टर तिथे गेले, त्यांनी गुरं पण तपासली आणि माणसं पण. काय निघालं माहितीये? गुरांना लस टोचलेली होती, कारण सरकारचे पशुवैद्य दरवर्षी तिथपर्यंत जायचे, आपल्याकडे घटसर्प-फऱ्याची लस घेऊन जातात तसे. आणि त्याच तंबूंमधल्या मुलांपैकी एकाचंही लसीकरण पूर्ण झालेलं नव्हतं. एकाचंही नाही.

हे वाचल्यावर मी बराच वेळ तसाच बसलो होतो. आईने गाय पकडून धरली, गायीला सुई टोचली, गाडी निघून गेली, आणि कडेवरचं पोर तसंच राहिलं, कारण गाडी पशुसंवर्धनाची होती.

मग त्यांनी केलं ते इतकं सरळ आहे की वाटतं आधी का नाही सुचलं. २००० पासून एकाच गाडीतून दोघे जायला लागले. तीच गाडी, तेच डिझेल, लस थंड ठेवायची सोय तीच, गुरांचं टोचून झालं की बाया-पोरांचं. गुराखी गुरांसाठी जमायचेच, त्यांचा पशुवैद्यावर विश्वास होताच, त्या विश्वासावर पोरांचं लसीकरण झालं. खर्च पण वाटला गेला त्यामुळे कमी झाला. मी स्वतः लसीचा डबा घेऊन उन्हातून गेलोय, दुपारी दोनला झाकण उघडून बर्फ किती उरलाय ते बघायचं, पुढच्या वस्तीपर्यंत टिकेल का याचा हिशोब करायचा, त्यामुळे मला माहितीये की त्या डब्यात गोवराच्या लसीच्या चार कुप्या जास्त बसायला कसलीच अडचण नसते. कधी अडलंच तर ते खात्याच्या शिक्क्यावरून.

आता जंगलाचं. गॅबॉन आणि काँगोच्या सीमेवर २००१ ते २००३ मधे इबोलाच्या एकामागून एक साथी आल्या. तिथे काही लोकांनी शिकारी, वनरक्षक आणि संशोधक यांचं जाळं तयार केलं, रानात मेलेलं जनावर दिसलं की कळवायचं. गोरिला, चिंपांझी, डुइकर नावाचं छोटं हरीण, यांचे सांगाडे सापडायला लागले, तपासले तर इबोला. प्रत्येक वेळी आधी जनावरं मेली होती, मग माणसं. दोनदा तर त्यांनी माणसांत साथ यायच्या काही आठवडे आधी आरोग्य खात्याला कळवलं. साथ तरी आली, ती अडवणं सोपं नसतं, रानात मेलेलं सापडलेलं मांस घरी नेणाऱ्या भुकेल्या माणसाला नुसतं नको म्हणून चालत नाही. पण आठवडे हातात मिळू शकतात हे त्यांनी दाखवून दिलं.

आणि उलटंही होतं, हे लोक विसरतात. रोग नेहमी जनावराकडूनच येतो असं नाही, आपणही देतो. युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलात १९९६ ला डोंगरी गोरिलांच्या अंगावरचे केस झडायला लागले, खाजवून खाजवून जखमा. डॉ. ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका तेव्हा युगांडाच्या वन्यजीव खात्यात नुकत्याच पशुवैद्य म्हणून लागल्या होत्या. निघाली साधी खरूज. एक पिल्लू मेलं, बाकीचे आयव्हरमेक्टिनने बरे झाले, जे औषध आम्ही गुरांना रोज देतो. खरूज आली कुठून? जंगलाच्या कडेला शेतं, शेतात बुजगावणी, बुजगावण्यांना लोकांचे जुने कपडे, आणि गोरिला शेतात केळी खायला येतात. त्या गावांत पाणी नाही, दवाखाना लांब, माणसांनाच खरूज झालेली. त्या बाईंनी मग ठरवलं की गोरिला वाचवायचे तर आधी गावातली पोरं बरी व्हायला पाहिजेत. २००३ मधे त्यांनी संस्था काढली, गावातलेच स्वयंसेवक घरोघर जातात, हात धुणं, संडास, क्षयरोगाचा खोकला आहे का, कुटुंबनियोजन, आणि त्याच फेरीत गोरिला शेतात आला होता का हे पण विचारतात. २०१९ मधे जाहीर झालेल्या आकड्याप्रमाणे जगात डोंगरी गोरिला १,०६३ आहेत, एकेकाळी हे संपणारच असं लोक धरून चालले होते. आकडा वाढला त्यात वनरक्षक, पर्यटनाचा पैसा, पहारा सगळ्यांचा वाटा आहे, पण कुणाच्या तरी घरातली खरूज बरी झाली याचाही आहे असं मी मानतो.

रेबीजचं तर आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको, आपल्याकडे रोज कुठेतरी पिसाळलेला कुत्रा चावल्याची बातमी असते. जगात वर्षाला सुमारे ५९,००० माणसं रेबीजने मरतात, जवळजवळ सगळी आफ्रिकेत आणि आशियात, त्यात सुमारे चाळीस टक्के लहान मुलं. टांझानियात काही जिल्ह्यांत असं करतात की कुत्रा चावलेला माणूस दवाखान्यात आला की तिथली नर्स तिथल्या पशुधनवाल्याला फोन लावते, तो जाऊन कुत्रा शोधतो, खरंच पिसाळलेला होता का, अजून कुणाला चावला का, ते बघून परत नर्सला कळवतो. एवढंच. त्याने ज्याला इंजेक्शनची खरी गरज आहे तो सुटत नाही, आणि महागडी इंजेक्शनं वाया जात नाहीत. टांझानियाच्याच पेंबा नावाच्या बेटावर कुत्र्यांना सलग लस देऊन रेबीज घालवला होता, २०१६ ला बाहेरून परत आला, परत मोहीम घेतली, परत घालवला. कुत्र्यांपैकी ७० टक्क्यांना लस दिली की साखळी तुटते, हे गणित जगभर माहीत आहे, पण कुत्र्याच्या लसीचा खर्च एका खात्याचा आणि वाचलेल्या पोराचा फायदा दुसऱ्या खात्याचा, तिथे गाडी अडते.

आणि मला वाटतं खरी अडचण हीच आहे. पैसा आणि मान. मेंढ्यांना लस द्यायला पशुसंवर्धनाने पैसे घालायचे आणि त्याने माणसं वाचली की आरोग्याचा आलेख सुधारणार, मग पशुसंवर्धनवाला म्हणतो मी का घालू. मान तर सांगायलाच नको. मीटिंगमधे मी किती वेळा बघितलंय, इथे पण आणि आपल्याकडे पण, की माणसांच्या डॉक्टरचं बोलून झालं की लोक चहाला उठतात. गुरांचा डॉक्टर म्हटलं की थोडा कमी डॉक्टर. आणि वनखात्याचा माणूस तर बऱ्याचदा बोलावलेलाच नसतो, जागतिक पातळीवर सुद्धा पर्यावरणवाले, म्हणजे युनेप, संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम, ज्यांचं मुख्य ऑफिस इथे नैरोबीतच आहे, आरोग्य, शेती आणि पशुआरोग्याच्या संघटनांसोबत औपचारिकपणे या टेबलावर बसले ते २०२२ ला. त्यात या कामांना बराचसा पैसा बाहेरून यायचा, २०२५ मधे अमेरिकेने यूएसएड, म्हणजे परदेशांना मदत देणारी त्यांची संस्था, बंद केली आणि त्यावर चालणारी कामं ठिकठिकाणी अडली. इथले तरुण पशुवैद्य माझ्याकडे औषधाच्या दुकानात नोकरी आहे का विचारायला येतात, ज्यांना रोगाचे नमुने घ्यायला शिकवलं होतं तेच. हे बघवत नाही. एकदा का तो माणूस सुटला की परत गरिसाच्या वाड्यापर्यंतची ओळख उभी करायला वर्षं जातात.

आता तुम्ही म्हणाल आफ्रिकेचं आम्हाला कशाला. माझं गाव दोडामार्ग तालुक्यातलं आहे म्हणून सांगतो. आमच्याकडे २०१६ मधे माकडताप आला, त्याआधी शेजारी गोव्यात सत्तरीत आला होता. हा रोग १९५७ ला कर्नाटकात क्यासानूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला, गोचिडीपासून होतो, आणि माणसाला व्हायच्या आधी रानात माकडं मरतात. परत तेच! मेलेलं माकड हीच पहिली बातमी. काजूच्या बागेत पाला गोळा करणाऱ्या बायका ती पहिल्यांदा बघतात, गरिसाच्या म्हाताऱ्यासारख्याच. माझ्या चुलतभावाला मागच्या हंगामात बागेत मेलेलं माकड दिसलं. त्याने फोन केला, एका ऑफिसाने सांगितलं हे आमचं नाही, दुसऱ्याने सांगितलं लेखी द्या, तिसऱ्याने विचारलं मेलंय कशाने, आता ते माहीत असतं तर फोन कशाला केला असता? दोन दिवसांनी वास यायला लागला म्हणून त्याने स्वतःच पुरलं. हातात काही न घालता. मला कळलं तेव्हा आठवडा झाला होता, आणि पुढचे दोन आठवडे मी रोज त्याला फोन करून ताप आहे का विचारत होतो. सुदैवाने काही झालं नाही.

आपल्याकडे काही नाहीच असं नाही. पुण्यात विषाणूंची एवढी मोठी संस्था आहे, नागपूरला नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वन हेल्थची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ ला झाली. चांगलंच आहे. पण माझ्या भावाला नागपूर नकोय, त्याला एक नंबर पाहिजे. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, सोसायटीच्या दुकानात, आशाताईंच्या वहीत, एकच नंबर, मेलेलं माकड असो, गाभडलेल्या शेळ्या असोत, पटापट मेलेल्या कोंबड्या असोत, तो उचलणाऱ्याने पुढे कुणाला सांगायचं ते त्याचं त्याने बघावं. आणि उचलल्यावर एक गाडी यावी, तिच्यात आरोग्याचा, गुरांचा आणि वनखात्याचा माणूस असावा. केनिया, चाड, टांझानिया, ज्यांच्याकडे आपल्यापेक्षा कमी पैसा आहे, त्यांनी हे थोडंफार करून दाखवलंय म्हणून मी एवढं मागतोय.

संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणं आहे. पुढच्या वेळी आफ्रिकेतली, किंवा कोकणातली, साथीची बातमी येईल तेव्हा आपल्या वार्ताहराला एवढंच विचारायला सांगा की आधी जनावरांत काय झालं होतं आणि ते कुणी कुणाला कळवलं होतं. एक ओळ वाढेल बातमीत. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला तो प्रश्न दोनदा विचारला गेला की तिसऱ्या वेळी त्याच्याकडे उत्तर असेल.

ते मझे चार वर्षांपूर्वी वारले. त्यांचा धाकटा मुलगा आता मेंढरं बघतो, त्याच्याकडे मोबाइल आहे. गेल्या आठवड्यात पाऊस सुरू झाल्यावर त्याचा व्हॉइस मेसेज आला, मागे मेंढ्यांचा आवाज, म्हणाला दक्तारी, तीन शेळ्या गाभडल्यात, नाकात रक्त नाही, पण वडील असते तर त्यांनी सांगायला लावलं असतं म्हणून सांगतो. मी म्हटलं हात लावू नकोस, पोरांना लांब ठेव, दूध उकळून प्या, आणि काउंटीच्या माणसाचा नंबर दिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत मेसेज, गाडी आली होती, दोघं आले होते, एक तुमच्यातला आणि एक दवाखान्यातली नर्स, त्याने शेळ्यांचं रक्त घेतलं, तिने माझ्या बायकोचा ताप बघितला, सहावा महिना आहे म्हणून कार्ड पण करून दिलं. नमुन्याचा रिपोर्ट अजून यायचाय.

आपला नम्र,
एक वाचक, नैरोबी